आता कळेल

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, माझ्या गाळ्यावर
रात्री साडेदहानंतर व्हील बॅलन्सिंग बंद.
मशीनवर जुनी चादर टाकतो, शटर अर्ध्यावर ओढतो,
आणि टायरच्या चळतींवर माणसं येऊन बसतात.
डावीकडे अटलांटिकवाले, उजवीकडे मेरिडियनवाले,
मधे वायरचं भेंडोळं, चहाचा थर्मास
आणि मी, ज्याला दोन्हीकडचे गद्दार म्हणतात.

नऊ वर्षं झाली.
दोन मालिका, दोन नियमपुस्तकं,
एकाच शनिवारी दोन शर्यती, अगदी मुद्दाम,
जशा भांडलेल्या जावा
एकाच संध्याकाळी हळदीकुंकू ठेवतात.

परवा बातमी आली, पुढल्या मोसमापासून एकच.

बिजू कुरियन स्प्रे पेंटिंगच्या वासासकट आत आला.
"बरं झालं," म्हणाला, "अकरा गाड्यांची शर्यत
म्हणजे मांडवात नुसतं वऱ्हाड,
नवरीकडचं कोणीच नाही."

ऋजुता खोत महापेहून, गळ्यात अजून ऑफिसचं कार्ड.
"नियम कोणाचे ते आधी सांगा.
अटलांटिकची गाडी चाळीस किलो हलकी आहे,
म्हणजे हिच्यातच शिसं भरणार ना?
धावणारीला जड करायचं
आणि त्याला बरोबरी म्हणायचं?"

मी काही बोललो नाही.
दिवसभर मी तेच करतो,
पाच ग्रॅम इकडे, दहा ग्रॅम तिकडे,
चाक थरथरायचं थांबेपर्यंत.

दर्पण मढवी उत्तरशीवचा. तो हसला.
"आमचे गावाचा बी असाच झाला.
पालिकेन गेला, भायेर आला, परत पालिकेन.
पाटी तीनदा रंगवली,
पान्याचा टँकर तोच."

टेंभेकाका मात्र गप्प होते.
बेलापूर रस्त्यावरची त्यांची कंपनीही
अशीच एक झाली होती कोणाशी तरी.
पेढे वाटले होते, म्हणतात ते,
मग कँटीनची जुनी कुपनं चालेनाशी झाली,
मग कँटीन,
मग काका.

त्यांच्याकडे दोन वह्या, एक लाल, एक निळी.
नऊ वर्षांचा प्रत्येक लॅप, पेन्सिलीने.
कारण भांडण एकच होतं आमचं,
अटलांटिकची सात नंबर वेगवान
की मेरिडियनची एक्केचाळीस?
दोघी एका रस्त्यावर एका दिवशी
कधी आल्याच नाहीत.
एक मेमध्ये धावायची, दुसरी सप्टेंबरात.
काका डांबराचा ताप वजा करायचे, वारा वजा करायचे,
टायरची झीज मला विचारायचे,
आणि उत्तराच्या ऐवजी चहा मागायचे.
त्या एका प्रश्नावर
ऋजुता आणि बिजू एकदा चार महिने बोलले नव्हते.
त्या प्रश्नावर दर्पणने
साखरपुड्याला यायला दोन तास उशीर केला होता.

काकांनी चष्मा पुसला.
"आता कळेल," म्हणाले.

एवढंच.
वाटलं होतं कोणीतरी टाळी देईल.
बाहेरून कांद्याचा ट्रक मार्केटकडे गेला,
शटर हललं,
स्क्रीनवर कुठलीशी निळी गाडी
पिटमधून निघाली, कोणी पाहिली नाही.

मग बिजू, हळू आवाजात,
"समजा एक्केचाळीस हरली?"
"तर हरली," ऋजुता म्हणाली.
"मग नऊ वर्षं मी इथे
काय बोलत होतो?"

तिने उत्तर दिलं नाही.
खरं तर हीच वेळ होती तिची,
असल्या वाक्यावर ती तुटून पडायची.
तिने फक्त पाय सरकवला
आणि आपल्या चळतीवर थोडी जागा झाली.
तो गेला नाही तिकडे.
पण जागा होती.

काकांनी पिशवीतून तिसरी वही काढली,
जाड, खाकी पुठ्ठ्याची,
किमतीचं लेबल अजून चिकटलेलं.
पहिल्या पानावर सात लिहिलं.
एक्केचाळीस लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.
"ब्लेड आहे का रे?"

माझ्याकडे ब्लेड होतं.
मी म्हणालो, उद्या शोधतो.